सिवनीचे जंगल आणि शाळेचे मैदान

नागपुरातून जबलपूरचा रस्ता धरला की कामठी आणि कन्हान मागे पडतात, मनसरला रामटेकचा गड उजव्या अंगाला राहतो आणि देवलापारनंतर दोन्ही बाजूंनी साग दाटत जातो. खवाशाला महाराष्ट्र संपतो. कुरईचा घाट चढून गेले की नागपूरपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास सिवनी लागते. रडयार्ड किपलिंगचे 'द जंगल बुक' १८९४ साली निघाले. त्यातला मोगली याच टापूतल्या टेकड्यांवर लांडग्यांच्या कळपात वाढला. बल्लू अस्वलाने त्याला जंगलाचे कायदे इथेच पढवले आणि शेरखानाचा काटा त्याने वैनगंगेच्या घळीत काढला. मुंबईत जन्मलेला किपलिंग स्वतः मात्र सिवनीला कधी आला नव्हता. रॉबर्ट स्टर्नडेल या इंग्रज अधिकाऱ्याने सातपुड्यातल्या आपल्या मुक्कामांवर लिहिलेले 'सिवनी' हे पुस्तक १८७७ मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्या पुस्तकाचा किपलिंगला मोठा आधार मिळाला. तेव्हा सिवनी हा मध्य प्रांताचा जिल्हा होता आणि प्रांताची राजधानी होती नागपूर.

हा भूगोल इथे सांगण्याचे कारण असे, की जगभरातल्या लाखो लहान मुलांना ज्या गोष्टीच्या आधाराने पायरीपायरीने वर चढवले जाते, ती गोष्ट नागपूरच्या परसातली आहे. पाच ते दहा वर्षांच्या मुलांचा 'कब' विभाग आणि त्याच वयाच्या मुलींचा 'बुलबुल' विभाग हा या प्रस्तावनेचा विषय. स्काऊट म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर दहावीच्या आगेमागेचा, काठी घेतलेला, तंबू ठोकणारा मुलगा येतो. स्काऊट होण्याआधीची पाच वर्षे कोणी फारशी मोजत नाही. खरे काम त्याच पाच वर्षांत होते.

स्काऊट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राउन्सी बेटावर पहिले शिबिर घेतले आणि पुढच्या वर्षी 'स्काऊटिंग फॉर बॉइज' लिहिले, तेव्हा त्यांच्यासमोर दहा-अकरा वर्षांच्या पुढची मुले होती. पण मोठा भाऊ गळ्यात स्कार्फ बांधून निघाला की धाकटा घरी बसेल कसा? आठ-नऊ वर्षांची पोरे पथकांच्या मागे लागली. काही ठिकाणी त्यांना तसेच सामावून घेतले गेले आणि लवकरच लक्षात आले, की थोरल्यांचा अभ्यासक्रम आखूड करून धाकट्यांना दिला तर दोघांचेही नुकसान होते. धाकट्यांना वेगळे जग हवे होते. १९१४ पासून त्याचे प्रयोग झाले, व्हेरा बार्कले यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्याला आकार दिला आणि १९१६ मध्ये 'द वुल्फ कब्ज हँडबुक' निघाले. किपलिंगच्या संमतीने मोगलीचे अख्खे जंगल त्यात उतरले. पथकाचा प्रमुख झाला अकेला, त्याचे मदतनीस बल्लू आणि बगीरा, आणि मुले म्हणजे लांडग्याची पिल्ले.

लांडग्याचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात. बेडन-पॉवेल यांनी हा एक तपशील उचलला आणि त्यावर मुलांच्या प्रगतीची सगळी योजना बेतली. नवा कब बिनताऱ्यांची टोपी घालायचा. पहिली चाचणी पार केली की टोपीवर एक तारा लागे, म्हणजे एक डोळा उघडला. दुसरी पार केली की दुसरा. दोन्ही डोळे उघडले की तो मोठ्यांच्या जंगलात, म्हणजे स्काऊट पथकात, जायला तयार झाला. सात वर्षांच्या मुलाला 'तू आता द्वितीय श्रेणी उत्तीर्ण झालास' असे सांगितले तर तो मान डोलावील. 'तुझा एक डोळा उघडला' म्हटले तर तो घरी धावत सुटेल. मुलांच्या मनाची ही नस ज्याला सापडली, त्याची योजना शंभर वर्षांनंतरही चालते यात नवल नाही.

मध्य प्रांताचा या चळवळीशी संबंध गोष्टीपुरता राहिला नाही. भारतात मुलग्यांचे पहिले स्काऊट पथक १९०९ साली बंगळुरात निघाले. मुलींचे पहिले गाईड पथक १९११ मध्ये जबलपूरला, म्हणजे याच प्रांतात. सुरुवातीला ही पथके युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरती होती. भारतीय मुलांना दार बंद, म्हणून भारतीयांनी स्वतःची पथके काढली. मद्रासला अ‍ॅनी बेझंट आणि अरुंडेल, अलाहाबादला मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी त्यासाठी कष्ट घेतले. नागपुरात या कामाचा मोठा आधार होते व्हिव्हियन बोस. नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, मग मुख्य न्यायाधीश आणि १९५१ पासून सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती असलेल्या या माणसाने स्काऊट चळवळीतही प्रांतापासून देशपातळीपर्यंत जबाबदारीची पदे सांभाळली. ७ नोव्हेंबर १९५० रोजी वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' ही एक संस्था झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईड्स तिच्यात सामील झाल्या. तिचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पचमढीला आहे. नागपूरचे सरकार उन्हाळ्यात जिथे मुक्काम हलवीत असे, तीच ही पचमढी.

आज महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये कबची चढण अशी आहे: प्रवेश, मग प्रथम चरण, द्वितीय चरण, तृतीय चरण आणि चतुर्थ चरण. बुलबुलची वाट समांतर जाते, नावे तेवढी वेगळी: प्रवेश, कोमल पंख, रजत पंख, सुवर्ण पंख आणि हीरक पंख. दोन्ही वाटांच्या टोकाला 'गोल्डन अ‍ॅरो' हा या वयोगटाचा सर्वोच्च पुरस्कार आहे. याहून लहान मुलांसाठी 'बनी' हा विभागही आहे आणि त्यांच्या गटाला 'टमटोला' म्हणतात.

प्रवेश म्हणजे नाव नोंदवणे नव्हे. आधी मुलाने काही आठवडे नुसते खेळायला यायचे. मोगलीची गोष्ट ऐकायची, वचन आणि नियम समजून घ्यायचे, सलामी शिकायची, डाव्या हाताने हस्तांदोलन करायचे आणि सगळ्यांबरोबर गोलात बसून अकेलाच्या स्वागताची महागर्जना करायची. नियम दोनच आहेत. मोठ्यांचे ऐकणे हा पहिला. स्वच्छ आणि विनयशील राहणे हा दुसरा. स्काऊटचे नियम संख्येने बरेच जास्त आहेत. सहा वर्षांच्या मुलाला दोनच द्यायचे, हे ज्याने ठरवले त्याने मुले जवळून पाहिली होती. मग दीक्षाविधी. त्या दिवशी गळ्यात स्कार्फ येतो, वॉगल सरकवून तो बसवला जातो आणि बिल्ला लागतो. अनेक मुलांच्या आयुष्यात सर्वांदेखत, स्वतःच्या तोंडाने वचन देण्याची ही पहिली वेळ असते.

त्यानंतरच्या चरणांत काय असते? कोलांटउडी, बेडूकउड्या, चेंडू फेकणे आणि झेलणे. दात आणि नखे का आणि कशी स्वच्छ ठेवायची. घड्याळ वाचणे, राष्ट्रध्वजाची माहिती, राष्ट्रगीत, रस्ता ओलांडण्याचे नियम. बी पेरून रोप वाढवणे, रोज एक चांगले काम करणे. यादी वाचताना वाटते, यात काय मोठे? पण त्यातली एकच गोष्ट जवळ जाऊन पाहावी.

रीफ नॉट ही गाठ घ्या. दोरीची दोन टोके दोन हातांत. उजवे डाव्यावर घालून खालून काढायचे, मग डावे उजव्यावर घालून पुन्हा तसेच. दुसऱ्या वेळीही उजवेच वर घेतले तर गाठ वाकडी बसते आणि ओढताच निसटते. आठ वर्षांचे मूल पहिल्या चार-पाच वेळा तीच चूक करते, कारण हाताला एकाच बाजूची सवय असते. मग एकदा गाठ सपाट बसते, दोन्ही टोके आपल्या दोरीला समांतर राहतात आणि मूल ती ओढून ओढून पाहते. कब मास्टर तेव्हा सांगतो, की झोळीपट्टी बांधताना हीच गाठ मारतात, कारण ती सपाट असते, जखमी माणसाला टोचत नाही आणि सोडायलाही सोपी. गाठीला उपयोग मिळाला, उपयोगाला माणूस मिळाला. दुसरी गाठ शीट बेंड, कमी-अधिक जाडीच्या दोन दोऱ्या जोडण्यासाठी. नागपूरच्या गोळीबार चौक, तांडापेठ, पाचपावली या विणकरांच्या वस्त्यांत वाढलेल्या मुलाला ती घरातच भेटू शकते, कारण मागावर तुटलेला धागा जोडायची विणकरांची गाठ आणि ही गाठ एकच. असे मूल घरी जाऊन आजोबांना 'मला पण येते' म्हणून दाखवते, तेव्हा पुस्तकातली चाचणी घरच्या धंद्याला जाऊन भिडते.

बी पेरण्याचेही तसेच. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे कबचे वर्ष पावसाबरोबरच सुरू होते. मूग, मेथी किंवा तुरीचा दाणा डब्यात टाकला की आठवड्याच्या आत कोंब वर येतो. सात वर्षांच्या मुलाचा धीर तेवढाच असतो आणि या हंगामात निसर्ग तेवढ्यात काम उरकतो. ज्या कब मास्टरने हीच चाचणी एप्रिलमध्ये घेतली, त्याला अर्धे डबे कोरडे सापडतील. अभ्यासक्रम देशभर एकच असला तरी त्याचे वेळापत्रक गावाच्या हवेने ठरते, हे जाणणारा शिक्षक वेगळाच. निरीक्षणाच्या फेऱ्याही पाऊस ओसरल्यावर निघाव्यात. सेमिनरी हिल्स, अंबाझरी, महाराजबाग, १८६३ पासूनचा अजब बंगला ही सगळी ठिकाणे शहराच्या आतच आहेत. पेंचच्या सिल्लारी किंवा खुर्सापार फाटकापर्यंत एकदा मुलांना नेता आले तर मोगलीचे जंगल त्यांना गोष्टीबाहेर दिसेल. तिथे लांडग्यापेक्षा रानकुत्री दिसण्याचा संभव अधिक, आणि किपलिंगने त्यांच्यावरही एक थरारक कथा लिहिली आहे, हे तेव्हा सांगता येते.

आता मुख्य मुद्दा. कब आणि बुलबुल दोघांचे बोधवाक्य एकच, 'कोशिश करो'. ते भिंतीवर रंगवायचे वाक्य नाही, तो मोजमापाचा नियम आहे. चाचणी घेताना सगळ्या मुलांना एक फूटपट्टी लावायची नसते. ज्या मुलाला चेंडू झेलता येत नव्हता आणि आता दहातले चार झेलतो, तो पुढे गेला. ज्याला आधीपासूनच आठ झेलता येत होते आणि आजही आठच येतात, त्याने अजून मेहनत करायची आहे. शाळेच्या गुणपत्रिकेत हा हिशेब बसत नाही. वर्गात पहिला एकच येतो. चतुर्थ चरण मात्र पथकातल्या सगळ्यांना गाठता येतो. म्हणूनच ज्या मुलांना वर्गात कधीच टाळ्या मिळत नाहीत, त्यांना इथे मिळतात. दोरीउड्या नीट न येणारी, बोलताना अडखळणारी, एका पायाने अधू असलेली मुलेही या चढणीवर चालू शकतात, कारण त्यांची तुलना त्यांच्याच कालच्या दिवसाशी होते.

पथकात दुसरीही एक रचना असते आणि तिची चरणांशी गल्लत होता कामा नये. मुले सहा-सहांच्या गटांत असतात. गटाचा म्होरक्या सिक्सर, त्याचा मदतनीस सेकंड. त्यांच्या बाहीवर पट्ट्या असतात. ही जबाबदारी झाली, प्रगती नव्हे. सिक्सर मागे राहून शेवटच्या मुलाच्या बुटाची नाडी बांधून देतो, गटाची हजेरी सांगतो. चरण प्रत्येकाने आपापले कमवायचे, पट्टी मात्र कब मास्टरने विचार करून द्यायची आणि वेळ आली की दुसऱ्यालाही द्यायची. जिथे सिक्सरपद हुशार मुलासाठी राखून ठेवले जाते, तिथे पथकाचा वर्ग होतो.

बुलबुलच्या बाजूला जंगलाऐवजी ताराची गोष्ट आहे. तारा ही मुलगी आणि तिला भेटणारे बुलबुल पक्षी, असा तिचा विस्तार. स्वातंत्र्यापूर्वी या वयाच्या मुलींच्या विभागाला इथे 'ब्लूबर्ड' म्हणत. बुलबुल मंडळ झाडाभोवती जमते, मोठी सलामी देते आणि पंखांच्या नावांनी पुढे सरकते. अनेक शाळांत बुलबुलकडे कबपेक्षा कमी लक्ष दिले जाते. कारण फ्लॉक लीडरचे प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षिका कमी पडतात आणि मुलींना एखाद्या नाचगाण्याच्या कार्यक्रमापुरते उभे केले जाते. ही चूक आहे. पुण्यात येरवड्याला १९६६ साली सुरू झालेले 'संगम' हे गाईड्सचे जागतिक केंद्र महाराष्ट्रात आहे. त्या केंद्राच्या राज्यात हीरक पंख मिळवणाऱ्या मुलींची संख्या मुलांच्या मागे राहता कामा नये.

बाहेर पाहिले तर इतरांनी या चढणीत बरेच बदल केले. ब्रिटनने १९६७ मध्ये 'वुल्फ कब' हे नाव सोडून 'कब स्काऊट' केले आणि जंगलाचा पसारा आवरता घेतला. अमेरिकेत कब १९३० साली सुरू झाले. तिथे यत्तेप्रमाणे टायगर, वुल्फ, बेअर, वेबेलोज असे टप्पे आहेत आणि शेवटी 'अ‍ॅरो ऑफ लाइट'. २०१८ पासून तिथे मुलीही कबमध्ये येतात. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतली मुले लाकडी ठोकळ्यातून छोटी मोटार कोरून 'पाइनवुड डर्बी'त उतरवतात, तेव्हा आईबाबाही रात्री पॉलिशपेपर घेऊन बसतात. पालकांचा हा सहभाग तिथल्या पथकांचे बळ आहे. आपल्याकडे पथके बहुतेक शाळेची असतात, त्यामुळे पालक फाटकाबाहेरच थांबतात. एवढी एक गोष्ट तिकडून घेण्यासारखी आहे.

इथल्या उणिवांकडेही डोळेझाक करून चालणार नाही. वर्षभर पथक भरत नाही आणि चतुर्थ चरण, हीरक पंखाच्या चाचणी शिबिराचे पत्रक आले की आठ दिवसांत सगळ्या मुलांच्या नोंदवह्या पूर्ण होतात, असे घडते. एकाच दुपारी चार चरण लिहून काढलेली वही तपासणीत पार पडेलही, पण तिच्या मालकाला रीफ नॉट येत नसते आणि आपल्याला ती येत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. आठव्या वर्षी मिळालेले खोटे प्रमाणपत्र मुलाला फार काही शिकवून जाते. यात शिक्षकांनाच दोष देणे सोपे आहे. निवडणूक, सर्वेक्षणे, पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरता भरता ज्याचा शनिवार संपतो, त्याने महागर्जना केव्हा घ्यायची? बेसिक, अ‍ॅडव्हान्स आणि हिमालय वुड बॅज अशी प्रशिक्षणे घेतलेल्या कब मास्टरला आठवड्याचा एक तास तरी दुसऱ्या कामाशिवाय मिळाला पाहिजे. मुख्याध्यापक तो देऊ शकतात. काही देतातही, आणि त्या शाळांची पथके लांबून ओळखू येतात.

दहाव्या वर्षानंतर वाट स्काऊट आणि गाईडकडे वळते: प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार. तिथे बिनभांड्यांचा स्वयंपाक येतो, 'खरी कमाई' येते, शेकोटी येते. पुढे तर नोकरीही येते. नागपूर हे मध्य रेल्वे आणि दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वे अशा दोन विभागांचे गाव आहे, आणि रेल्वेत राष्ट्रपती पुरस्कार किंवा हिमालय वुड बॅज मिळवलेल्यांसाठी स्काऊट-गाईड कोट्यातून भरती होते. हे कळल्यावर काही पालक दुसरीतल्या मुलालाही त्याच हिशेबाने पथकात घालतात. तसे करू नये. कोट्याचा विचार सोळाव्या वर्षी करायला पुरेसा वेळ आहे. सातव्या वर्षी मूल गोष्टीसाठी, खेळासाठी आणि मित्रासाठी येते. त्या ओढीनेच ते दहाव्या वर्षापर्यंत टिकते आणि टिकले तरच पुढच्या सोपानांना अर्थ राहतो.

पुढची पाने कब मास्टर, फ्लॉक लीडर आणि पालक यांच्यासाठी आहेत. प्रत्येक चरण आणि प्रत्येक पंखासाठी नागपूरच्या हवेत, इथल्या मैदानांवर आणि इथल्या घरांत काय करता येईल, याचा त्यांत विचार केला आहे. ती क्रमाने वाचण्याची गरज नाही. ज्यांच्याकडे पथक आहे त्यांनी आपल्या मुलांच्या चरणापासून सुरुवात करावी.

आणि ज्या शाळेत पथकच नाही, तिथल्या पालकांनी या आठवड्यात मुख्याध्यापकांना भेटावे. कबचे पथक उभे करायला बारा मुले पुरतात, चोवीसच्या वर घेऊ नयेत. एक प्रशिक्षणाला जायला तयार असलेला शिक्षक, थोडी दोरी, एक चेंडू आणि सावलीची जागा लागते. नोंदणी आणि प्रशिक्षणाची माहिती भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या जिल्हा कार्यालयात स्काऊट आणि गाईड विभागांच्या जिल्हा संघटकांकडे मिळते. जूनअखेरीस शाळा उघडतात; पहिला दाणा पेरायला जुलैचा पहिला शनिवार चांगला आहे.